महाद्वारातली समाधी आणि आपली पंगत

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, सप्ताहाच्या पाचव्या दिवशी दुपारी झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)





मी कीर्तनकार नाही. उभा जन्म प्राथमिक शाळेत खडू धरला आणि आषाढात दिंडीच्या पंगतीला वाढपी म्हणून उभा राहिलो. पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘वारकरी संप्रदाय आणि समता’ असा विषय छापलाय. विषय मोठा, मी लहान. म्हणून मी दोनच जागांविषयी बोलणार आहे. एक जागा पंढरपूरच्या महाद्वारातली. दुसरी आपल्या मुक्कामाच्या पालातली, जिथं आपली पंगत बसते.

पहिली जागा तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. महाद्वाराशी गेलं की आपण नामदेव पायरीवर डोकं ठेवतो. आत जायला मिळो न मिळो, गर्दी फार असली तर पायरीचं आणि कळसाचं दर्शन घेऊन आपण माघारी फिरतो आणि वारी पावली म्हणतो. त्या पायरीच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. आपण इकडं डोकं टेकतो, वळतो, तिकडं डोकं टेकतो. दोन पावलांचं अंतर. मी कित्येक वर्षं असंच केलं आणि माझ्या मनात कधी विचार आला नाही की या दोन समाध्या एकाच जागी असल्या तरी एकाच कारणानं तिथं नाहीत.

नामदेवराय पायरीत आहेत ते आपल्या मर्जीनं. देवाच्या भेटीला येणाऱ्या संतांची पायधूळ माथ्यावर पडावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, असं आपण मानतो. त्यांना आत जायला कुणी अडवलं नव्हतं. आत जाऊ शकणारा माणूस बाहेर राहिला, ही त्यांची नम्रता.

चोखोबा बाहेर आहेत ते मात्र मर्जीनं नव्हे. त्यांना जिवंतपणी आत जाऊ दिलं नाही. ते जिथपर्यंत येऊ शकत होते, तिथंच त्यांची समाधी झाली. नामदेवरायांची नम्रता आणि चोखोबांची बंदी, दोन्हींना आपण एकाच फुलानं पुजतो. पूजा चुकीची नाही. पण फरक विसरून केलेली पूजा अपुरी आहे, एवढंच मला म्हणायचंय.

चोखोबा मंगळवेढ्याचे. जातीनं महार. नामदेवरायांना त्यांनी गुरू मानलं. घरातली सगळीच माणसं अभंग रचणारी. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा. एका घरात पाच संतकवी, आणि त्या घराला देवळाची पायरी बंद. सोयराबाईंनी विटाळावर रोखठोक प्रश्न विचारलाय. देह सगळ्यांचाच एका वाटेनं आलेला, मग सोवळा कोण नि ओवळा कोण, असा त्या प्रश्नाचा अर्थ. सातशे वर्षांपूर्वी, गावकुसाबाहेरच्या झोपडीतून एक बाई हे विचारते. आणि कर्ममेळा तर देवाशीच भांडतो. आम्हाला हीन जातीत घातलंस आणि वर तुझी भक्ती करायची, हे कसं, असा त्याचा रोख. आपण कीर्तनात चोखोबांचे गोड अभंग घेतो. कर्ममेळ्याचे किती वेळा घेतले, ते ज्यानं त्यानं आठवून बघावं.

चोखोबांचं मरण कसं झालं? मंगळवेढ्याच्या कुसाचं काम चालू होतं. गावाचं रक्षण करणारी भिंत, आणि ती बांधायला राबणारे लोक गावाबाहेरचे. ती भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. परंपरा सांगते की नामदेवराय तिथं गेले, ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या आणि पंढरीला आणून महाद्वारात समाधी दिली. मायबापहो, इथं नामदेवरायांचं मोठेपण बघा. मेलेल्या मजुराच्या अस्थी गोळा करायला कोण जातं? पण नामदेवरायांनाही त्या अस्थी दाराच्या आत नेता आल्या नाहीत.

तिथून पुढं सहाशे नऊ वर्षं गेली. वारी चालू राहिली, टाळ वाजत राहिले, दार बंद राहिलं. आषाढी-कार्तिकीला हजारो लोक चोखोबांच्या समाधीपर्यंत यायचे, तिथूनच कळसाला हात जोडायचे आणि परतायचे. त्यांना पंढरपुरात उतरायलासुद्धा जागा मिळायची नाही. म्हणून गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. स्वतः फाटकी गोधडी पांघरून फिरणारा माणूस, लोकांकडून पैसा गोळा करतो आणि ज्यांना कुणी ओसरी देत नाही त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधतो. पुढं १९४९ साली ती धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडं सोपवली. देवळाबाहेरची जागा शिक्षणाच्या कामाला लागावी, असं त्यांना वाटलं असणार.

आता बाबासाहेबांविषयी दोन शब्द. ‘मूकनायक’ हे पत्र त्यांनी १९२० साली काढलं तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानोबांच्या ओव्या होत्या. म्हणजे आपलेच संत हातात धरून ते आपल्या दारात आले होते. त्याच १९२७ साली, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ते ओंजळीत घेऊन प्याले. ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता तिथं माणसांना होता. १९३० च्या २ मार्चला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. शेवटी १९३५ साली येवल्याला त्यांनी सांगून टाकलं की मी हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. आणि १९५६ साली नागपुरात त्यांनी बुद्धाचा मार्ग धरला. त्याआधी, १९४८ साली, अस्पृश्यतेच्या मुळाविषयी त्यांनी जो ग्रंथ लिहिला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला वाहिलेला आहे. चोखोबांना त्यांनी सोडलं नाही. सोडलं ते आपल्या बंद दाराला.

आपल्या गावातल्याही बऱ्याच घरांनी १९५६ नंतर पंढरीची वाट सोडली. माझ्या लहानपणी काही जुनी माणसं पारावर बसून म्हणायची, ‘बघा, देव सोडला त्यांनी.’ मी आज म्हणतो, त्यात त्यांची चूक नाही. सहाशे वर्षं दार लावून बसलेल्यानं पाहुणा का आला नाही असं विचारू नये.

आणि पंढरीचं दार? ते कसं उघडलं हे नव्या पोरांना सांगितलं पाहिजे. साने गुरुजी म्हटलं की आपल्याला ‘श्यामची आई’ आठवते. त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावरची मोळी खाली पडते, कुणी हात लावत नाही, आणि श्यामची आई त्याला सांगते, जा, तिची मोळी उचलून दे, मग घरी येऊन अंघोळ कर. आईचं काळीज मोठं होतं, पण अंघोळ सुटली नव्हती. मुलानं पुढं ती अंघोळही सोडली.

१९४६ च्या कार्तिकीला विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण करायचं त्यांनी ठरवलं. लोकांनी विनवलं, सहा महिने थांबा, आधी लोकांची मनं वळवू. ते थांबले. महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, सभा घेतल्या. सेवा दलाची पोरं कलापथक घेऊन बरोबर होती. वाटेत कित्येक गावांनी आपली देवळं आणि पाणवठे खुले केले. पण पंढरपूर बधलं नाही. तेव्हा १ मे १९४७ ला पंढरपुरात त्यांनी अन्न सोडलं.

उपोषणाला जागा कुणी दिली? तनपुरे महाराजांच्या मठानं. हे विसरू नका. दार बंद ठेवणारेही विठ्ठलाचंच नाव घेत होते आणि गुरुजींना जागा देणाराही वारकऱ्याचाच मठ होता. म्हणजे भांडण बाहेरच्यांशी नव्हतं, ते आपल्याच घरातलं होतं. त्या दिवसांत गांधीजींनीसुद्धा उपोषण थांबवा असं कळवलं होतं. गुरुजी गांधीजींना देवासारखं मानणारे, पण या बाबतीत त्यांनी ऐकलं नाही. शेवटी दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बडवे मंडळींशी बोलणं झालं, मंदिर खुलं करायचं मान्य झालं आणि १० मे रोजी उपोषण सुटलं. मुंबई राज्याचा मंदिर-प्रवेशाचा कायदाही त्याच वर्षी झाला. देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला. विठ्ठलाचं दार उघडायचा निर्णय त्याच्या तीन महिने आधीचा. दोन्हीही स्वातंत्र्यंच.

इथपर्यंत मी इतरांचं सांगितलं. आता आपलं सांगतो.

आपली दिंडी निघाली तेव्हापासून माझे आजोबा तिच्यात होते. कोठीचा हिशोब आणि पंगत त्यांच्याकडं. पीठ किती, डाळ किती, कुणाची भिशी आली, सगळं तोंडपाठ. निर्मळ माणूस, खोटं बोलणं नाही, एकादशी चुकवणं नाही. १९६२ च्या आषाढात मी दहा वर्षांचा होतो आणि त्यांच्याबरोबर पहिल्यांदा वारीला गेलो.

दिंडीच्या शेवटच्या ओळीच्या मागं वीस-पंचवीस पावलं सोडून एक म्हातारा चालायचा. आपल्याच गावचा, खालच्या वस्तीतला. माझ्या आजोबांच्या वयाचा, आणि मी दहा वर्षांचं पोर त्याला अरे-तुरे करायचो. तो मला ‘धाकलं मालक’ म्हणायचा. गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर पताका. मुक्कामाला तो पालापासून लांब, तीन दगड मांडून आपली भाकरी आपण थापायचा. वाटेत सगळे एकमेकांना माउली म्हणून पाया पडायचे. तो मात्र लांबूनच जमिनीला हात लावायचा.

इरावतीबाई कर्वे यांनी वारीत चालून ‘वाटचाल’ नावाचा लेख लिहिला आहे. दिवसभर एकत्र गाणारी, एकत्र चालणारी एकाच दिंडीतली माणसं जेवायला जातीजातीनं वेगळी बसतात, हे पाहून त्यांना फार वाईट वाटलं. म्हणजे ही गोष्ट आपल्या एका दिंडीची नव्हती.

एका मुक्कामाला फार पाऊस झाला. म्हाताऱ्याची चूल पेटेना. आजोबांनी मला हाक मारली आणि पिठलं-भाकरी देऊन म्हणाले, ‘त्याला नेऊन दे. वरून टाक, ताटलीला हात लागू देऊ नको.’ मी गेलो. अंधार, चिखल, माझा पाय घसरला आणि मी सावरायला म्हणून त्याचाच हात धरला. तो एकदम मागं सरला, जसं काही मीच भाजलो असतो. म्हणाला, ‘आजोबाला सांगू नगा, धाकलं मालक. तुमास्नी बोलतील.’ मायबापहो, चूक माझी, घाबरला तो. आणि काळजी माझीच करत होता.

पंढरपूरला पोहोचल्यावर मी बघितलं, तो चोखोबांच्या समाधीपाशी बसून राहिला. आम्ही बारीतून आत जाऊन, दर्शन घेऊन बाहेर आलो तरी तो तिथंच. मंदिर खुलं होऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. मी शाळेत शिकलेलं सांगितलं, ‘आता सगळ्यांना आत सोडतात, जा की तू पण.’ तो म्हणाला, ‘ठावं हाय. पर आमचा बाप हितंच थांबायचा, आजा हितंच थांबायचा. बंदी उठली, पर पाय उचलत न्हाई बघा.’

हे वाक्य मला कळायला तीस वर्षं लागली. कायद्यानं दार उघडतं. पाय कुणी जड केले? सरकारनं नव्हे. ते वीस पावलांचं अंतर, ती वरून टाकलेली भाकरी, ते माझं अरे-तुरे, यांनी केले. गुरुजींनी बडव्यांचं दार उघडून घेतलं. आपल्या पालाचं दार उघडायला मात्र कुणी उपोषणाला बसलं नव्हतं.

ते उघडलं दुष्काळानं. १९७२ साली पाऊस नाही, पीक नाही. सारं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला. सुकडी मिळायची, ती एकाच ओळीत बसून खायची. तिथं कुणी कुणाची जात विचारली नाही, कारण भूक सगळ्यांची सारखी होती. पुढच्या आषाढात दिंडी निघायची तर घरोघर मूठ-मूठ पीठ गोळा केलं आणि ते वस्तीतूनही आलं. तेव्हा दिंडीतली आम्ही चार-पाच जवान पोरं म्हणालो, पीठ एकाच पोत्यात मिसळलंय, आता पंगतीही मिसळा. फार वाद झाला. काही घरं त्या वर्षी दुसऱ्या दिंडीबरोबर गेली. माझे आजोबा गेले नाहीत, पण पंगतीलाही बसले नाहीत. त्या साऱ्या वाटेवर त्यांनी फुटाणे आणि केळी खाल्ली. मी त्यांना एक शब्द बोललो नाही, त्यांनीही मला बोलले नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी, पहिल्याच मुक्कामाला, मी वाढत होतो. बघतो तर आजोबा पंगतीच्या अगदी शेवटी बसलेले, आणि शेजारी तो म्हातारा. दोघंही खाली बघत होते. मी भाकरी वाढली, कुणी काही बोललं नाही. जेवण झाल्यावर आजोबांनी आपली पत्रावळ उचलली आणि त्याचीही उचलली. एवढंच. आमच्या घरात त्यावर कधी चर्चा झाली नाही. पण आजोबांचा माझ्यावर जो सगळ्यात मोठा संस्कार झाला तो त्यांच्या एकादशीचा नाही, त्या उचललेल्या पत्रावळीचा आहे.

मला वाटेल तेव्हा थांबता आलं असतं आणि ‘अशी आपली दिंडी सुधारली’ म्हणून टाळ्या घेता आल्या असत्या. पण माळ घातलेल्यानं अर्धं सांगू नये. दिंडीत एका पंगतीला वाढणाऱ्या या मास्तरच्या घरी गड्याचा चहाचा कप पुढं दहा वर्षं वेगळा, गोठ्याच्या खुंटीला होता. मला तो दिसतच नव्हता. एक दिवस मंडळींनी तो काढला आणि मला विचारलं, ‘वारीत माउली म्हणता ते वारीपुरतंच का हो?’ मी काय उत्तर देणार? वाटेवर माउली आणि गावात आडनाव, असं आपलं पुष्कळांचं चाललेलं असतं.

आज कप गेला. पण गावात स्मशानं अजून दोन आहेत. वस्तीतल्या नळाला पाणी सगळ्यांत शेवटी पोहोचतं. पोरीनं जातीबाहेर लग्न केलं तर आपल्यातलाच माळकरी बाप तिचं नाव टाकतो. आणि दिंडीतलं बोलायचं तर, या स्मरणिकेसाठी आपण शंभर वर्षांच्या विणेकऱ्यांची यादी केली. मी ती दोनदा वाचली. खालच्या वस्तीतलं एक नाव नाही. तुळस डोक्यावर घेऊन वाट चालणाऱ्या बायकांचं एक नाव नाही. शंभर वर्षं जे सगळ्यात मागं चालले त्यांच्याविषयी एक ओळ नाही.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं मी पंच मंडळींकडं आणि तुम्हा सगळ्यांकडं तीन गोष्टी मागतो. मागणारा तुमचाच वाढपी आहे, राग मानू नका.

पहिली, वस्तीतल्या ज्या घरांतून माणसं दिंडीमागं चालली, त्यांच्या दारी जाऊन आपण नावं विचारून घ्यावीत आणि ती स्मरणिकेत विणेकऱ्यांच्या यादीशेजारी छापावीत. ‘इतर’ म्हणून नव्हे. काही घरं आता बुद्धाला मानतात. त्यांनी नको म्हटलं तर तोही त्यांचा मान. पण आपण जाऊन विचारलं पाहिजे.

दुसरी, कोठीवर आणि चुलीवर कोण असावं हे पाळीनं ठरावं. पंगतीत सगळ्यांनी एकत्र बसणं ही निम्मी समता. कुणाच्याही हातचं खाणं ही उरलेली निम्मी.

तिसरी, गावात स्मशान एक करावं. हे पंचायतीचं काम आहे असं म्हणून हात झटकू नका. पंचायतीत बसलेले निम्मे लोक या मंडपात माळ घालून बसलेले मला दिसतायत.

तो म्हातारा १९८० च्या आसपास गेला. शेवटच्या वर्षांत तो पंगतीला शेवटी नाही, मधे बसायचा. मी त्याला ‘बाबा’ म्हणायला लागलो होतो आणि तो मला ‘मास्तर’. पण महाद्वारात तो शेवटपर्यंत चोखोबांपाशीच थांबला, आत गेला नाही. त्याची नात मात्र गेली. ती आज इथंच बसली आहे, तिला उठवून मी अवघडवत नाही.

यंदा पंढरीला गेलात की नामदेव पायरीवर डोकं ठेवा आणि चोखोबांच्या समाधीवरही ठेवा. फक्त तिथं घटकाभर थांबा आणि आठवा, की हा माणूस इथं का थांबला. मग उठा आणि मुक्कामावर येऊन पंगतीला बसा. शेजारी कोण आहे ते बघायचं कारण नाही, भाकरी गरम असली म्हणजे झालं.

बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल तर लेकरू समजून पदरात घ्या. कीर्तनाची वेळ झाली, मी थांबतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. रामकृष्ण हरी.